खाचरातला डिफेन्स

मी आयुष्यात फुटबॉलला दोनदाच पाय लावला आहे, आणि दोन्ही वेळा तो माझ्या वाटेत आला होता म्हणून. तरीही गेल्या पावसाळ्यात आमच्या गावच्या शाळेच्या बारा वर्षांखालील फुटबॉल संघाचा प्रशिक्षक मी होतो. यात चूक कोणाची, हे मी निःपक्षपातीपणे तपासून पाहिलं. माझीच निघाली.

त्याचं असं झालं. मी तळेगावच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. नळाचे जोड येतात, मी त्यांची जाडी मोजतो, मापात बसलं तर पुढे, नाही बसलं तर परत. आयुष्यभर हेच केल्यावर डोळ्यांना खोड लागते. घरात भिंतीवरचं घड्याळ जरा तिरकं दिसलं तरी मला घास उतरत नाही. (सुनंदा, म्हणजे माझी बायको, भांडण झालं की मुद्दाम घड्याळ तिरकं करून ठेवते.) तर जूनमधल्या पालकसभेत मुख्याध्यापिका देशमाने मॅडमनी विचारलं, "क्रीडाशिक्षकांची बदली झाली आहे. मैदानाबद्दल कुणाला काही सांगायचं आहे का?"

मी उभा राहिलो. राहायला नको होतं.

"मॅडम, गोलचा उजवा खांब डाव्यापेक्षा चार बोटं बुटका आहे."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"अरे वा! इतकं बारीक लक्ष असलेला माणूस आपल्यात आहे, आणि आपण प्रशिक्षक शोधत बसलोय!"

टाळ्या झाल्या. सगळ्यात जोरात टाळ्या संघातल्या गोट्याच्या वडिलांनी वाजवल्या. ते स्वतः तरुणपणी जिल्ह्याच्या संघातून फुटबॉल खेळलेले आहेत. सभाभर ते खाली मान घालून बुटाची नाडी बांधत होते. (चप्पल घालून आले होते!)

सभा संपल्यावर मॅडमनी मला बाजूला घेतलं.

"विश्वासराव, एक सांगायचं राहिलं. संस्थेचं म्हणणं आहे, फुटबॉल बंद करा. इतकी वर्षं खेळतोय, एक सामना जिंकला नाही. मुलांना कबड्डीत घाला, मुलींना लेझीमला. मी कशीबशी एक संधी मागून घेतली आहे. ऑगस्टमध्ये खंडाळ्याच्या त्या बोर्डिंग शाळेशी आपला दरवर्षी सामना होतो ना? तो हरलो, की संघ बंद."

"हे तुम्ही टाळ्यांच्या आधी सांगायला हवं होतं."

"तेव्हा तुम्ही घरी गेला असतात," मॅडम म्हणाल्या.

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा माझी मुलगी मुक्ता जेवत होती. तिचा हात ताटात तसाच राहिला. मुक्ता अकरा वर्षांची. तिला लेझीम जमत नाही असं नाही. लेझीमलाच मुक्ता जमत नाही. पहिलीत असताना तिनं पुढच्या मुलीच्या वेणीत लेझीम अडकवून अख्खी रांग उलटी फिरवली होती. वर्गात ती चुळबुळते, प्रार्थनेत चुळबुळते, आणि वर्षभर तिच्याबद्दल घरी ज्या तक्रारी येतात त्या सगळ्या एकाच वाक्यात बसतात : ही एका जागी थांबत नाही. फुटबॉल हा शाळेतला असा एकच तास होता, की ज्यात एका जागी न थांबल्याबद्दल तिला कोणी शाबासकी देत होतं. तिचे बूट रात्री तिच्या उशाशी असतात. चिखलासकट.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला कंटाळा येईल, मला माहितीये. पण आला तर सामना झाल्यावर सांगा. आधी सांगू नका."

मी हो म्हणालो. कंटाळा मला त्याच क्षणी आला होता.

आमचं सरावाचं मैदान गावातल्या बुद्धविहाराच्या मागे आहे. त्याला मैदान म्हणायचं ते केवळ त्यावर शेती होत नाही म्हणून. एका अंगाला ते ओढ्याकडे इतकं उतरतं, की तिकडचा खेळाडू आपोआप जोरात पळतो आणि परत येताना दमतो. मी रात्री फोनवर चित्रफिती बघून सकाळी मुलांना शिकवायचं ठरवलं. चित्रफितीत परदेशातली मुलं केशरी शंकूंमधून चेंडू सळसळत नेत होती. आमच्याकडे शंकू नव्हते. पण बेडश्याच्या लेण्यांकडे जाणारा रस्ता गावातून जातो, त्यामुळे पर्यटकांनी टाकलेल्या पाण्याच्या बाटल्यांना तोटा नव्हता. मुलांनी पोतंभर गोळा केल्या, मी टेप लावून समान अंतरावर मांडल्या, आणि आमचं ड्रिबलिंग सुरू झालं. दुसऱ्या रविवारी भंगारवाला आला. मी गोट्याला पायाच्या बाहेरच्या बाजूनं चेंडू कसा वळवायचा ते दाखवत होतो (म्हणजे पडलो होतो), तेवढ्यात त्यानं निम्मं ड्रिबलिंग पोत्यात भरून नेलं.

मग पासिंग. पायाच्या आतल्या बाजूनं, टाच टेकवून, नजर समोर. मी सांगायचो ते सगळं बरोबर होतं. पण पास चुकला की चेंडू उतारानं थेट ओढ्यात जायचा, आणि ओढा जातो इंद्रायणीला. दोन चेंडू असे गेल्यावर मी साहिल नावाच्या मुलाला कायमचा ओढ्याच्या काठावर उभा केला. साहिल गरीब स्वभावाचा. आला चेंडू की दोन्ही हातांनी डोक्यावरून आत फेकायचा, तोही क्षणात, कारण पाण्यात पाय गार पडायचे. हळूहळू मुलं त्या जागेलाच 'ओढा' म्हणू लागली. मुक्ता संघ मोजायची, "मी फॉरवर्ड, जुई फॉरवर्ड, गोट्या गोली, साहिल ओढा." फुटबॉलच्या जगात ही जागा आम्हीच पहिल्यांदा निर्माण केली असावी.

मैदानाच्या कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर माझे वडील बसायचे. आबांनी उमेदीत कबड्डी गाजवलेली. त्यांना फुटबॉल मुळातच अपुरा वाटतो.

"आरं इश्वास, धर की त्येला! पाय धर त्येचा!"

"आबा, फुटबॉलमध्ये धरत नाहीत."

"न्हाई? मग एवढं पळायचं कशापाय?"

गुडघा दुखत असताना तर मलाही तोच प्रश्न पडायचा.

खरी अडचण कौशल्याची नव्हतीच. ती डावपेचांची होती. चेंडू जिथे, तिथे गोली आणि ओढा सोडून आमचे सातही जण! गुळाच्या खड्याला मुंग्या लागाव्यात तसा हा घोळका मैदानभर सरकायचा, आणि आतून मधूनमधून "माझा पाय! माझा पाय!" असा आवाज यायचा. प्रत्येकानं आपली जागा धरावी, हे मी सांगून, ओरडून, हात जोडून पाहिलं. शेवटी एका शनिवारी सगळ्यांना घरी बोलावलं, मोठी परात घेतली आणि तिच्यात चिक्कीचे तुकडे मांडले. शेंगदाण्याची चिक्की आपली, तिळाची त्यांची.

"हा बघा आपला लेफ्ट बॅक. हा कुठेही जात नाही. चेंडू पलीकडे गेला तरी हा इथेच. कळलं?"

"कळलं, काका."

मी तिळाचा फॉरवर्ड सरकवण्यासाठी खाली बघितलं. वर बघतो तर लेफ्ट बॅक गायब.

"गोट्या, लेफ्ट बॅक कुठे आहे?"

गोट्यानं तोंड न उघडता खांदे उडवले.

"तो ऑफसाईड होता, काका," जुई म्हणाली. तिच्या गालात माझा उजवा डिफेन्स होता.

पाच मिनिटांत मैदानात एकटा गोलकीपर उरला. तोही आबांनी नेला. दात नाहीत, तरी चघळत बसले. सुनंदानं परात उचलता उचलता एवढंच म्हटलं, "अहो, हे पोहे मांडून शिकवायचं ना. सांडले असते, पण उरले असते."

त्या रात्री मी शांतपणे हिशेब मांडला. गोल करायला कौशल्य लागतं. गोल होऊ न द्यायला नुसती माणसं लागतात. कौशल्य आमच्याकडे नव्हतं. माणसं नऊ होती. संस्थेनं काय म्हटलं होतं? हरायचं नाही. शून्य-शून्य म्हणजे हार नव्हे! (मॅडमना दोनदा फोन करून खात्री करून घेतली. दुसऱ्यांदा त्यांनी "हो हो हो" म्हणून ठेवून दिला.) तेव्हा सहा जणांची एक अभेद्य रांग मागे ठेवायची, मुक्ता पुढे नावाला, साहिल कडेला. प्रश्न इतकाच होता, की ज्या मुलांना प्रार्थनेला रांग धरता येत नाही, ती पळता पळता कशी धरणार?

उत्तर आबांनी दिलं. त्यांचा तसा काही हेतू नव्हता.

जुलैत एका रविवारी मी मैदानावर पोचलो, तर एकही मूल नाही. खुर्ची नाही. आबाही नाहीत. मैदानात घोट्याएवढं पाणी. शोधत शोधत ओढ्यापलीकडच्या आमच्या भातखाचराकडे गेलो आणि बांधावर थबकलो. अख्खा फुटबॉल संघ डोक्यावर प्लॅस्टिकचे कागद बांधून आमच्या खाचरात भातलावणी करत होता! बांधावर आबा छत्री धरून उभे.

"आबा! हे काय चाललंय?"

"प्रॅक्टिस. गडी मिळंनात, आन् ही पोरं मोकळीच हायती की. म्हनलं, आज हितं खेळा." आबांनी मला आवाज खाली आणायची खूण केली. "लय गुनी पोरं रं! दुपारपातुर उरकत्यात बघ."

मी रागवायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. समोर काय दिसत होतं? सहा मुलं, खांद्याला खांदा लावल्यासारखी, कमरेत वाकलेली, सगळ्यांची नजर समोर खाली, आणि सगळी एका लयीत एकेक पाऊल मागे येत होती. कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. रोपांची मूठ संपली की मुक्ता धावत जाऊन नवी आणून देत होती, कारण रांगेत थांबणं तिला जमत नाही. त्या रांगेला मी फूटपट्टी लावली असती तरी मापात बसली असती!

चित्रफितीतला तो परदेशी प्रशिक्षक ज्यासाठी घसा कोरडा करत होता, ते आमच्या चिखलात आयतं उभं होतं. कंबर वाकलेली, एकमेकांतलं अंतर समान, समोरच्यावर नजर, आणि हळूहळू माघार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (थोडं पावसाचं होतं.)

"आबा," मी म्हणालो, "उद्यापासून रोज इथेच सराव."

आबांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी पहिल्यांदाच त्यांच्या मनासारखा मुलगा निघालो होतो.

पुढचे आठवडे आम्ही खाचरात फुटबॉल शिकलो. आमचं खाचर झालं, मग जुईच्या वडिलांचं, मग साहिलच्या चुलत्याचं. चिखलात चेंडू चालत नाही म्हणून चेंडू घरीच असायचा, पण रांग दिवसेंदिवस सुधारत गेली. चेंडूशिवाय आमचा डिफेन्स अभेद्य होता! मी बांधावर उभा राहून ओरडायचो, "रांग सोडायची नाही! चेंडूमागे धावायचं नाही! मागे, मागे, सगळे एकदम!" शेजारच्या खाचरातल्या बाया कमरेवर हात ठेवून बघत राहायच्या. एकदा एकीनं विचारलंच, "भाऊ, कारखाना सुटला व्हय तुमचा?"

शेवटी मॅडमचा फोन आला. "विश्वासराव, तुम्ही फुटबॉल शिकवताय की भात लावताय?"

"मॅडम, सामन्यात बघा."

हे वाक्य मी इतक्या आत्मविश्वासानं म्हणालो, की आठवलं तरी अजून कानाची पाळी गरम होते.

ऑगस्टमधला तो रविवार. साहिलच्या चुलत्याच्या टेम्पोतून आम्ही निघालो. मागे मुलं, मध्ये आबांची खुर्ची, खुर्चीत आबा, आणि चालकाशेजारी मी आणि सुनंदा. पावसाळी रविवार म्हणजे लोणावळ्यात मुंगीला पाऊल टाकायला जागा नाही. धबधब्याला निघालेल्या गाड्यांच्या रांगेत आम्ही असे अडकलो, की मुलांनी खाली उतरून रस्त्याकडेला व्यायाम उरकला. एका पर्यटकानं त्यांना पैसे देऊ केले. गोट्या घेणार होता.

खंडाळ्याचं ते मैदान बघून आमच्या मुलांनी आधी बूट पुसले. हिरवंगार, सपाट, पांढऱ्याशुभ्र रेघा, दोन्ही गोलना जाळ्या. (दोन्ही खांब सारखे होते. मी पायांनी मोजले.) समोरचा संघ एकसारख्या पिवळ्या कपड्यांत. त्यांच्या प्रशिक्षकाच्या गळ्यात शिट्टी, हातात घड्याळ, आणि वय माझ्या निम्मं.

साहिलनं चहूकडे बघितलं. त्याचा चेहरा उतरला.

"काका, इथं ओढा कुठंय?"

"इथे ओढा नाही रे."

"मग मी कुठं उभा राहू?"

मी घाईत होतो. "त्या बाजूच्या रेघेपाशी राहा," म्हणालो. तो गेला आणि रेघेच्या बाहेर, जिथे जमीन जराशी खोलगट होती तिथे, जाऊन उभा राहिला.

सुरुवातीलाच पिवळ्या संघानं चढाई केली. आणि आमची रांग! वा! सहा जण कमरेत वाकले, नजर खाली-समोर, आणि एका लयीत मागे. पिवळा फॉरवर्ड गोंधळला. त्याला कोणी अडवतही नव्हतं आणि वाटही मिळत नव्हती. त्यानं चेंडू बाहेर मारला. मी सुनंदाकडे बघितलं. घड्याळ सरळ करून ठेवल्यासारखा तिचा चेहरा झाला होता.

"शाब्बास! रांग सोडू नका! मागे!"

दुसरी चढाई. रांग आणखी चार पावलं मागे. तिसरी चढाई. आणखी मागे. शेजारी उभा असलेला त्यांचा तरुण प्रशिक्षक मला म्हणाला, "सर, तुमचा शेप मस्त आहे." मी विनयानं मान हलवली. शेप म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं.

काहीतरी बिघडतंय हे माझ्या लक्षात आलं तेव्हा फार उशीर झाला होता. चेंडू बाहेर गेला की पिवळी मुलं आपापल्या जागी परत जात होती. आमची जात नव्हती. आमची रांग जिथे थांबायची तिथूनच पुन्हा मागे सुरू व्हायची. बरोबरच होतं! लावणीत लावलेल्या रोपांवरून पुढे कोण चालत जातं? मध्यरेषेपासून निघालेली रांग हळूहळू, शिस्तीत, तसूभरही वाकडी न होता, आमच्या गोलपाशी पोचली होती.

"थांबा!" मी ओरडलो. पण महिनाभर मी बांधावरून इतक्या गोष्टी ओरडलो होतो, की माझं ओरडणं त्यांना पावसासारखं झालं होतं.

पिवळा फॉरवर्ड चेंडू घेऊन आला. रांग त्याच्यापुढे मागे सरकत राहिली. गोट्या गोलमध्ये उभा होता. रांग जवळ आल्यावर त्यानं सवयीनं जरा सरकून आपली जागा घेतली आणि तोही वाकून मागे येऊ लागला. आता सात झाले! पिवळ्या मुलानं थांबून आपल्या प्रशिक्षकाकडे बघितलं. त्याला बहुधा वाटलं, हा काहीतरी सापळा आहे.

"मार ना!" त्यांचा प्रशिक्षक ओरडला.

त्यानं भीत भीत चेंडूला नुसता अंगठा लावला. चेंडू सावकाश घरंगळत निघाला. आमची सातही मुलं त्या चेंडूपुढे अदबीनं मागे होत गेली, त्याला कोणी शिवलं नाही (चेंडूमागे धावायचं नाही, असं काकांनी सांगितलं होतं!), आणि रेघ ओलांडून, जाळीला पाठ टेकल्यावर, सगळी एकदम थांबली. चेंडूही त्यांच्या पायाशी येऊन थांबला.

पंचांना शिट्टी वाजवायला जरा वेळ लागला. ते हसत होते.

"बांधापातुर बराब्बर आली बघ पोरं!" खुर्चीतून आबा अभिमानानं म्हणाले.

मध्यंतराला मी खाली बसलो. गुडघ्यात कळ होती आणि डोक्यात काहीच नव्हतं. मुलांनी माझ्याभोवती रिंगण केलं, वाट बघत. कोणी हसत नव्हतं. त्यांना वाटत होतं, काकांनी सांगितलं तसंच आपण केलं. आणि केलंही होतं. मुक्ता उभीच होती. तिच्या हनुवटीला चिखल लागला होता आणि ओठ घट्ट मिटलेले. रडायच्या आधी ती तशी दिसते. मला तिच्या हातात लेझीम दिसू लागली.

"मुक्ता," मी म्हणालो, "माझं चुकलं गं. मी तुम्हाला..."

"बाबा, तुम्ही बांध कुठे ते सांगितलंच नाहीत!" ती एकदम म्हणाली. "आबा आधी बांध दाखवतात, मग वाकायला लावतात. इथे बांधच नव्हता, मग रांग मागे मागेच जाणार ना!"

ती वळली आणि गोलपुढच्या मोठ्या चौकटीच्या पांढऱ्या रेघेकडे बोट दाखवून बाकीच्यांवर ओरडली, "ए, ती रेघ दिसते का? तो बांध! तिथे आलं की संपलं खाचर. थांबायचं, पाठ सरळ करायची, आणि पुढच्या खाचरात जायचं. मी हाक मारते."

"असं आधी सांगायचं की," गोट्या म्हणाला.

उत्तरार्धात मी काहीही ओरडलो नाही. सुनंदानं माझ्या हातात आबांची छत्री दिली होती, दोन्ही हातांनी धरायला. रांग मागे आली, पांढऱ्या रेघेवर टेकली, आणि तिथे भिंत झाली. पिवळी मुलं आपटून आपटून परत जात होती. पण आम्ही एका गोलनं मागे होतो, आणि वेळ सरत चालला होता. शून्य-शून्यवर बेतलेल्या माझ्या हिशेबात गोल करायची तरतूदच नव्हती! त्यांचा प्रशिक्षक घड्याळाकडे बघू लागला. मीही बघू लागलो. ते जरा तिरकं बांधलं होतं.

शेवटची चढाई रांगेवर आपटली. गोंधळात एका पिवळ्या मुलाच्या पायाला लागून चेंडू बाजूच्या रेघेबाहेर गेला, थेट त्या खोलगट जागी. पिवळी मुलं सवयीनं पाठ फिरवून निवांत चालत निघाली. चेंडू आणायला कोणीतरी जाईल, फेकेल, वेळ आहे.

पण तिथे साहिल होता! सामनाभर तो तिथेच होता. चेंडू आला, त्यानं दोन्ही हातांनी उचलला आणि, पाय पाण्यात असल्यासारखा, क्षणात डोक्यावरून आत फेकला.

"बांध आला!" मुक्ता किंचाळली.

सहाच्या सहा मुलांनी पाठ सरळ केली आणि एक आरोळी ठोकून पुढच्या खाचरात निघाली. ते दृश्य मी विसरणार नाही. मुक्ता पुढे, चेंडू तिच्या पायाशी, आणि मागे सरळ रेषेत, खांद्याला खांदा, पाय उंच उचलत (चिखलातून पळायची सवय!) सहा जण आरडाओरडा करत येताहेत. पिवळ्या मुलांनी मागे वळून बघितलं आणि वाट सोडली. कोणीही सोडली असती. त्यांच्या गोलकीपरनं मात्र सोडली नाही, हे त्याचं धैर्य. तो चेंडूसकट, मुक्तासकट आणि अख्ख्या रांगेसकट जाळीत गेला.

"धरला! धरला!" आबा खुर्चीवर उभे राहिले आणि खुर्ची मोडली.

पंचांनी गोल दिला, मग शेवटची शिट्टी दिली, आणि मग आबांना उठवायला आले. एक-एक. बरोबरी. हार नव्हे. मी मनातल्या मनात पुन्हा एकदा खात्री करून घेतली.

मुक्ता धावत आली. तिच्या अंगावर कोरडी अशी एकही जागा नव्हती.

"बाबा, सामना झाला. आता सांगा. कंटाळा आला का?"

माझा गुडघा सुजला होता. गेल्या किती रविवारी मी झोपलो नव्हतो ते मला माहीत होतं, पण सांगत नाही. टेम्पोत परत त्याच गाड्यांच्या रांगेत बसायचं होतं, आणि खुर्ची मोडल्यामुळे आबा माझ्या मांडीवर बसणार होते.

"नाही आला," मी म्हणालो. माझ्या हातून मापात न बसणारा माल पुढे गेला, तो हा असा एकदाच.

पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडावंदनानंतर माझा सत्कार झाला. मॅडमनी जाहीर केलं, की फुटबॉल संघ चालू राहणार आणि अर्थातच विश्वासरावही. संघ वाचला, मला वाचवणारं कोणी नव्हतं. गोट्याचे वडील परत सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होते. मग समोर लेझीम सुरू झाली. मॅडम माईकवरून म्हणाल्या, "आपल्याला लेझीमसाठीही प्रशिक्षक हवा आहे. कुणाला काही सांगायचं आहे का?"

तिसऱ्या रांगेतल्या डावीकडून दुसऱ्या मुलीची लेझीम बाकीच्यांपेक्षा स्पष्ट दोन बोटं आखूड होती. मी उभा राहिलो. तोंड उघडलं.

सुनंदानं त्यात चिक्कीचा मोठा तुकडा घातला. शेंगदाण्याची, कडक. ती विरघळेपर्यंत सभा संपून लोक घरी गेले होते. आमच्या घरात डावपेच कळणारी व्यक्ती आहे. शाळेनं नेमताना फक्त नवरा-बायकोत गल्लत केली.